४४०००१ कागदावर कसा उघडायचा: नागपूरच्या पिन कोडमधलं गणित, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नागपुरात नवीन आला असाल तर पहिल्या महिन्यातच प्रत्येक फॉर्मवर ४४० ने सुरू होणारा आकडा लिहून लिहून कंटाळला असाल. त्यातला पहिला म्हणजे ४४०००१, सिव्हिल लाइन्सच्या जीपीओचा. पिन कोड देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं, जे डाक-तार खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतात कवितापण करायचे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा पट्टा, ४४ म्हटलं की विदर्भ, ४४० म्हणजे नागपूर शहर आणि शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे.

हे झालं डाकखात्याचं. आपल्याला तो आकडा निव्वळ पूर्ण संख्या म्हणून बघायचाय: चार लाख चाळीस हजार एक. हिचे अवयव कोणते, विभाजक किती, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, असल्या गोष्टी. मोबाईलवर टाकलं तर उत्तर सेकंदात येतं हे मलाही माहीत आहे राजेहो, पण उत्तर आलं कसं ते तिथे कुणी सांगत नाही, आणि हाताने करायला बसलं की माणूस चुकीच्या क्रमाने करतो, तिप्पट मेहनत करतो आणि मध्येच सोडून देतो. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. सातवी-आठवीचं गणित येत असेल तर पुरे.

काय काय लागेल

एक वही, पेन, साधा कॅल्क्युलेटर (फोनमधला चालेल) आणि २२१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. २, ३, ५ सोडून ती इथेच देतो, वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या:

७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७, १०१, १०३, १०७, १०९, ११३, १२७, १३१, १३७, १३९, १४९, १५१, १५७, १६३, १६७, १७३, १७९, १८१, १९१, १९३, १९७, १९९, २११.

एकूण ४४ आहेत. नागपूरकरांनी यातून काही शुभ संकेत काढू नये, योगायोग आहे. यादी स्वतः बनवणार असाल तर ९१, ११९, १३३, १६१, १८७, २०९, २१७ आणि २२१ यांच्यापासून जपून, या दिसायला मूळ वाटतात पण नाहीत. ९१ म्हणजे ७ × १३, २२१ म्हणजे १३ × १७, बाकीच्या तुम्हीच फोडून बघा.

१) आधी स्वल्पविराम नीट समजून घ्या

आपण लिहितो ४,४०,००१. लाखाची पद्धत. पण पुढे एक युक्ती येणारे ज्यात उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करायचेत, म्हणजे ४४० आणि ००१. बरेच जण सवयीने ४, ४०, ००१ असे तीन तुकडे पाडतात आणि मग पुढचं सगळंच चुकतं. म्हणून वहीत एका ओळीवर लाखाच्या पद्धतीने आणि खाली दुसऱ्या ओळीवर ४४०|००१ असं लिहूनच ठेवा.

२) फुकटातल्या कसोट्या पहिल्यांदा

शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ ने भाग जाणार नाही, संपला विषय. अंकांची बेरीज ४ + ४ + ० + ० + ० + १ = ९. बेरजेला ९ ने भाग जातो म्हणजे संख्येलाही ९ ने जातो.

४४०००१ ÷ ९ = ४८८८९

आता ४८८८९ च्या अंकांची बेरीज ३७, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणजे आणखी ३ यातून निघणार नाही. इथे थांबून हे तपासायचं राहून जातं बऱ्याच जणांचं, एकदा ९ काढला की तीनचा विषय मिटला असं वाटतं, पण तसं नेहमी नसतं आणि पायरी ९ मध्ये त्याचा पुरावा आहे.

३) तीन-तीनच्या गटांची युक्ती

ही या लेखातली माझी सगळ्यात आवडती पायरी. सहा अंकी संख्येसाठी तर ही अगदी मापात बसते.

१००१ = ७ × ११ × १३. म्हणजे या तिघांपैकी कशानेही भागायचं असेल तर १००० च्या जागी −१ धरता येतो. ४४०००१ म्हणजे ४४० हजार आणि १, म्हणजे हिशोबापुरतं १ − ४४० = −४३९. आता फक्त ४३९ तपासा. ७ ने भागलं तर बाकी ५, ११ ने बाकी १०, १३ ने बाकी १०. तिन्ही बाद, एका वजाबाकीत.

दुसरी बाजू: ९९९ = २७ × ३७. इथे १००० च्या जागी +१ धरायचा, म्हणजे गटांची वजाबाकी नाही, बेरीज करायची: ४४० + १ = ४४१. ४४१ ला ९ ने भाग जातो (४९ वेळा), २७ ने जात नाही, ३७ ने भागलं तर बाकी ३४. म्हणजे ९ आहे, २७ नाही, ३७ नाही. पायरी २ मधलं उत्तर इथे दुसऱ्या वाटेने परत मिळालं, टॅली झाली.

आता या पायरीतला सापळा, आणि हा फार गोड सापळा आहे. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, म्हणजे त्यात ७ दोनदा आहे. ते बघून लगेच कुणीतरी म्हणतं, चला मग ४४०००१ ला ४९ ने भाग जातो! नाही जात. बेरजेची युक्ती ९९९ च्या विभाजकांपुरतीच, म्हणजे ३, ९, २७, ३७ आणि त्यांचे गुणाकार. ७ बद्दल विचारायचं असेल तर वजाबाकीकडेच जावं लागतं, आणि तिने आधीच बाकी सांगितलीय. कुठली युक्ती कोणत्या संख्येबद्दल बोलू शकते हे वहीत तिच्या शेजारीच लिहून ठेवा, नाही तर आठवड्याने परत गोंधळ.

४) कुठपर्यंत भागत बसायचं ते ठरवा

एखादी संख्या फुटत असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळाच्या आत सापडतो. ४४०००१ चं वर्गमूळ साधारण ६६३, आणि तिथपर्यंत १२१ मूळ संख्या आहेत, एवढे भागाकार कोण करणार. पण आपण ९ आधीच बाहेर काढलाय आणि आता फोडायची राहिली फक्त ४८८८९. तिचं वर्गमूळ २२१ च्या किंचित वर (२२१ × २२१ = ४८८४१). म्हणून वरची यादी २११ ला संपते, कारण पुढची मूळ संख्या २२३, ती मर्यादेबाहेर. त्यातून ७, ११, १३, ३७ पायरी ३ मध्ये गेलेच. म्हणजे उरले ४० भागाकार.

५) ते चाळीस भागाकार

इथे शॉर्टकट नाही बावा, बसून करायचं. मे महिन्यात दुपारी तसंही बाहेर पडायची सोय नसते, कूलरसमोर बसा आणि दहा-दहाच्या गठ्ठ्याने संपवा.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची रीत: ४८८८९ ÷ ८३ केलं, ५८९.०२४… आलं. त्यातून ५८९ वजा करा, उरलेल्या दशांशाला परत ८३ ने गुणा, २ येईल. ती बाकी. गोल आकडा नाही आला, १.९९९८ वगैरे आला, तर घाबरायचं नाही, कॅल्क्युलेटर शेवटचे दशांश कापतो त्यामुळे तसं होतं, २ च समजा. खात्री हवी असेल तर उलटं करून बघा: ८३ × ५८९ = ४८८८७, अधिक २.

तुमचं बरोबर चाललंय का हे मध्ये मध्ये पडताळायला काही बाक्या देऊन ठेवतो: १९ ने २, ३१ ने २, ५३ ने २३, ९७ ने १, १०१ ने ५, १४९ ने १७, २११ ने १४८.

९७ जवळ सावध राहा. उत्तर ५०४.०१०३ येतं आणि छोट्या स्क्रीनवर घाईत बघणाऱ्याला ते ५०४ वाटतं. १ ची बाकी आहे, भाग गेलेला नाही.

चाळीसही झाले आणि एकानेही भाग गेला नाही. म्हणजे ४८८८९ मूळ संख्या आहे, आणि

४४०००१ = ३ × ३ × ४८८८९

१९, ३१ आणि ८३ या तिघांची बाकी २ का आली यावर थोडं थांबा. कारण ४८८८७ = १९ × ३१ × ८३. आणि ४८८८८ = ८ × ९ × ७ × ९७, म्हणून ७ आणि ९७ दोघांची बाकी १. आधीच्या दोन्ही संख्या बारीक तुकड्यांत फुटतात आणि त्यांना चिकटून असलेली ही एक फुटायला तयार नाही. मूळ संख्यांचं हे असंच असतं, शेजारी बघून काही अंदाज येत नाही.

६) विभाजक मोजा

अवयव मिळाले की हे दोन मिनिटांचं काम. ३ चा घात २, ४८८८९ चा घात १. प्रत्येकात एक मिळवायचा आणि गुणायचं: ३ × २ = ६ विभाजक. ते असे: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७, ४४०००१.

स्वतः संख्या सोडून बाकीच्यांची बेरीज १९५५६९, म्हणजे संख्येच्या निम्मीही नाही. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण संख्या (जिच्यात ही बेरीज बरोबर तिच्याइतकीच येते) असण्याचा प्रश्नच नाही. तुलनेला शेजारचा ४४०००० घ्या. तो म्हणजे २ चा सहावा घात × ५ चा चौथा घात × ११, विभाजक ७ × ५ × २ = ७०. फक्त एक मिळवला आणि ७० वरून ६ वर आलो.

४४०००१ पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती हेही काढता येतं. ९ चा वाटा ६, मूळ संख्या ४८८८९ चा वाटा एक कमी म्हणजे ४८८८८: ६ × ४८८८८ = २९३३२८. इथे चूक होते ती ९ च्या वाट्याची. ३ दोनदा आहे म्हणून २ × २ = ४ धरतात. पण ९ पर्यंतच्या सहमूळ संख्या बोटावर मोजा: १, २, ४, ५, ७, ८. सहा आहेत.

७) दोन वर्गांची बेरीज शोधा

ही खरी मजा. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने २५ डिसेंबर १६४० च्या पत्रात मर्सेनला कळवलं होतं की ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. सिद्धता मात्र अठराव्या शतकात ऑयलरने दिली. ४ ची बाकी बघायला शेवटचे दोन अंक पुरतात: ८९, बाकी १. म्हणजे ४८८८९ साठी जोडी आहे हे नक्की, फक्त शोधायची.

वरून खाली यायचं, २२१ पासून. पण प्रत्येक आकडा तपासायची गरज नाही. कुठलाही वर्ग ०, १, ४, ५, ६, ९ यापैकीच अंकाने संपतो, आणि आपल्याला बेरजेच्या शेवटी ९ हवाय. म्हणजे जोडी ० आणि ९ ची किंवा ४ आणि ५ ची. तेव्हा १, ४, ६, ९ ने संपणारे आकडे सरळ सोडून द्या, कारण त्यांचे वर्ग १ किंवा ६ ने संपतात. उरले:

२२० चा वर्ग वजा केला, उरले ४८९. वर्ग नाही (२२ चा ४८४, हुकला थोडक्यात).
२१८: उरले १३६५. ५ ने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो, म्हणून बाद.
२१७: १८००. नाही.
२१५: २६६४. नाही, ५१ आणि ५२ च्या मध्ये पडतो.
२१३: ३५२०. शेवटी एकच शून्य, वर्गाला दोन लागतात.
२१२: ३९४५. परत तोच २५ चा नियम, बाद.
२१०: ४७८९. नाही.
२०८: ५६२५. हा ७५ चा वर्ग!

४८८८९ = २०८² + ७५²

आता ४४०००१ साठी दोन्ही आकडे ३ ने गुणा, कारण ९ म्हणजे ३ चाच वर्ग: ६२४ आणि २२५. पडताळा घ्या, ३८९३७६ + ५०६२५ = ४४०००१. पहिल्यांदा हे जुळतं तेव्हा माणूस उगाच घरात सगळ्यांना बोलावून दाखवतो आणि कुणाला काही पडलेली नसते, त्याची तयारी ठेवा.

एक अट ध्यानात ठेवा. ३ ला ४ ने भागलं तर बाकी ३, असल्या मूळ संख्या जोडीने आल्या तरच हे जमतं. आपल्याकडे ३ दोनदा आहे म्हणून जमलं. १४६६६७, म्हणजे ३ × ४८८८९, यात ३ एकदाच आहे, तर तिच्यासाठी कितीही शोधा, जोडी मिळणार नाही. तिथे वेळ घालवू नका.

जाता जाता काटकोन त्रिकोणही मिळतो: २ × २०८ × ७५ = ३१२०० आणि २०८² − ७५² = ३७६३९ या दोन बाजू घेतल्या तर कर्ण बरोबर ४८८८९.

८) द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहा

दोनने भागत जायचं आणि बाक्या खालून वर लिहायच्या. किंवा उलट, सगळ्यात मोठा २ चा घात वजा करत जायचं, मला हे जास्त आवडतं. २६२१४४ वजा करा, मग १३१०७२, मग ३२७६८, ८१९२, ४०९६. न बसणारे घात वगळत चला. एवढे पाच वजा झाल्यावर काय उरतं बघा: १७२९!

हो, तीच. इंग्रज गणितज्ञ हार्डी आजारी रामानुजनांना भेटायला गेले तेव्हाच्या टॅक्सीचा नंबर, १ चा घन + १२ चा घन आणि ९ चा घन + १० चा घन. नागपूरच्या पिन कोडच्या पोटात ती बसलीय. यात खोल अर्थ काही नाही, पण एवढी वजाबाकी करून समोर १७२९ आली तर खुश व्हायला हरकत नाही. पुढे १०२४, ५१२, १२८, ६४ आणि १ वजा केले की संपलं:

११०१०११०११०११०००००१

एकोणीस जागा, त्यात दहा एक. मोजताना मधलं शून्य गळतं, म्हणून न बसणाऱ्या घातापुढे तिथल्या तिथे ० लिहीत चला.

९) शून्य वाढवून बघा, पण पॅटर्नवर भरवसा ठेवू नका

४४००१ = ९ × ४८८९, आणि ४८८९ मूळ संख्या आहे. ४४०००१ = ९ × ४८८८९, तीही मूळ. आता कुणालाही वाटेल की पुढे आणखी एक शून्य घातलं तरी हेच चालणार. करून बघा: ४४००००१ = ९ × ४८८८८९. या ४८८८८९ च्या अंकांची बेरीज ४५, म्हणजे परत ९ ने भाग जातो, आणि भागल्यावर येतं ५४३२१!

४४००००१ = ८१ × ५४३२१. पॅटर्न मोडला, पण मोडताना एवढं देखणं काहीतरी देऊन गेला. ५४३२१ अजून फुटते: ३ × १९ × ९५३. लहान बाजूलाही टिकत नाही, ४४०१ = ९ × ४८९ आणि ४८९ म्हणजे ३ × १६३. दोन उदाहरणांवरून नियम बांधणाऱ्यांना हे आवर्जून दाखवा.

१०) आता तुमचा स्वतःचा पिन

नागपुरातलेच असाल तर अर्धं काम झालंय, कारण ४४०००० ची माहिती आधीच हातात आहे. तिला ११ ने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटचे दोन अंक ११, २२ किंवा ३३ असतील तर ११ नक्की निघतो. ७ ने भागलं तर ४४०००० ची बाकी १, म्हणजे शेवटच्या दोन अंकांत १ मिळवून ७ ने भाग जातो का बघा. १३ साठी बाकी २, तिथे २ मिळवून बघा.

अमरावती रोडवरच्या विद्यापीठ कॅम्पसचा ४४००३३ घेतला तर ११ × १०९ × ३६७ असा फुटतो. ४४००२२ मधून २ × ३ × ११ × ५९ × ११३ निघतात. आणि ४४००११ तर ११ × १३ × १७ × १८१, हाताने करायला सगळ्यात सोपा हाच, पहिल्यांदा करणाऱ्या पोरांना तोच द्या. ४४००१० म्हणजे २ × ५ × ९ × ४८८९, विभाजक २४, तो दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा.

बाहेरगावचा पिन असेल तर पायरी २ पासून सुरुवात करा. छोटे अवयव सगळे काढून झाल्यावर उरलेल्या संख्येचं वर्गमूळ प्रत्येक वेळी नव्याने काढायचं, आधीची मर्यादा तशीच ठेवून भागत बसायचं नाही.